रक्तमूलपेशीचा शोध आणि गुणसूत्रावरील खूण

रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका यांचा उगम एकाच मूलपेशीत असावा, असे रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॅक्झिमोव्ह यांनी १९०९ मध्येच प्रतिपादिले होते. मात्र ते सूक्ष्मदर्शकातून केलेले अनुमान होते. प्रमाण मिळण्यास अर्धशतक जावे लागले. त्याला चालना मिळाली ती हिरोशिमानंतर किरणोत्सर्गाच्या धास्तीतून, हे विसरता येत नाही.

शिकागो येथे लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की, उंदराची प्लीहा शिशाने झाकल्यास तो प्राणघातक किरणोत्सर्गातूनही वाचतो. यामागे एखादे रासायनिक द्रव्य असावे, असा त्यांचा कयास होता. तो पुढे टिकला नाही. १९५६ मध्ये हार्वेल येथील संशोधकांनी गुणसूत्रांच्या वेगळेपणावरून सिद्ध केले की, उंदीर वाचतो तो दात्याच्या पेशी त्याच्या शरीरात वाढल्यामुळे.

टोरांटोचे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल व वैद्यक अर्नेस्ट मॅक्युलॉक यांना मूलपेशीचा शोध घ्यावयाचा नव्हता. किरणोत्सर्गाने मज्जापेशी किती प्रमाणात मरतात, एवढेच त्यांना मोजावयाचे होते. मज्जापेशी टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेवर दहा दिवसांनी लहान गाठी दिसल्या. त्यांची संख्या टोचलेल्या पेशींच्या प्रमाणात, दर १०,००० पेशींमागे सुमारे एक अशी भरली. १९६१ च्या त्यांच्या निबंधाचे महत्त्व या मोजणीत आहे. तथापि प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून झाली, हे कशावरून? १९६३ मध्ये अँड्र्यू बेकर यांच्यासह त्यांनी किरणांच्या साहाय्याने पेशींच्या गुणसूत्रांत विकृती घडवून आणल्या. अशी विकृती ज्या गाठीत आढळली, तेथील जवळजवळ सर्व विभाजनशील पेशींत ती एकच होती. जी इजा तीच ओळख ठरली! यांतील अनेक गाठी खऱ्या मूलपेशींच्या नसून त्यांच्या नजीकच्या वंशजांच्या होत्या, असे नंतर आढळले. पण पद्धतीचे मोल त्यामुळे उणावत नाही.

वार्धक्याच्या अभ्यासात हीच पद्धत निराळ्या रूपाने परतली. अशा खुणा आता प्रयोगशाळेत घडवाव्या लागत नाहीत; वयोमानानुसार जनुकांत होणारे बदल त्या आपोआप उमटवितात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे १० टक्के व्यक्तींच्या रक्तात एकाच बदललेल्या मूलपेशीचा वंश फोफावलेला आढळतो. अशा व्यक्तींपैकी बहुतेकांना रक्ताचा कर्करोग होत नाही. मात्र त्याचा व त्याचबरोबर हृदयविकाराचाही धोका त्यांना इतरांपेक्षा अधिक असतो.