काठी, दोरी आणि खारे पाणी

समुद्रातल्या मासेमारीसाठी फ्लाय रॉड निवडताना काठीआधी दोरीचा विचार करावा लागतो. गळावरची पिसांची कृत्रिम माशी अगदी हलकी. तिला दूर नेते ते दोरीचे वजन. १९६१ साली अमेरिकेत दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरले आणि काठ्याही त्याच क्रमांकांनी ओळखल्या जाऊ लागल्या. फ्लोरिडाच्या उथळ समुद्रात चपळ बोनफिशसाठी साधारणतः ८, तर अजस्र टार्पनसाठी १२ क्रमांकाची काठी घेतात.

या क्रमांकांपेक्षा काठीचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी कारागीर कलकत्त्याहून आलेला बांबू चिरून, त्याच्या सहा पट्ट्या चिकटवून काठ्या बनवीत. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला आणि फायबरग्लासचे फावले. १९७३ च्या सुमारास ग्रॅफाइट आले. हलकी, ताठ अशी ही काठी समुद्रवाऱ्यातही दोरी लांब फेकू शकते.

निवड आपण केली, असे हौशी मासेमाराला वाटते. वस्तुतः व्यापार, राजकारण आणि रसायनशास्त्र यांनी ती आधीच बरीचशी केलेली असते. आणि त्या निवडीत बंगालच्या बंदराचाही एक विसरलेला वाटा आहे.