शब्दाची वाट पाहणारे चित्र

जबलपूरच्या राइट टाउन भागात, गोल बाजारामध्ये, शहीद स्मारकाची वास्तू उभी आहे. तिच्यात एक प्रेक्षागृह आहे आणि त्या वास्तूच्या भिंती स्वातंत्र्यसंग्रामाच्या चित्रांनी मंडित आहेत. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले, जबलपूरचेच सुपुत्र ब्योहार राममनोहर सिन्हा यांच्या कुंचल्याचे हे काम. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान ज्यांनी अलंकृत केले, ते हेच सिन्हा. या नगरीला मराठी माणूस परका नाही. 1781 साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरकर मराठ्यांनी जिंकले, 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 साली इंग्रजांच्या हाती पडला. सत्ता गेली, पण मराठी कुटुंबे मागे राहिली ती राहिलीच. अशा घरांतील कोणी रसिक या वास्तूत नाटकाला किंवा गाण्याला येतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन कला एकाच छपराखाली नांदत असतात. भिंतीवर चित्र आहे, रंगमंचावर माणूस आहे. नट कितीही तळमळून बोलला तरी भिंतीवरची रेषा हलत नाही; आणि हलू नये म्हणूनच ती भिंतीवर काढलेली असते.

परंतु चित्र आणि प्रयोग यांचे नाते नेहमी असेच तुटक होते काय? कलावंताने हात उचलला की चित्र बदलावे, त्याचा स्वर चढला की पडद्यावरचा रंग गडद व्हावा, अशी यंत्रे आणि अशी आज्ञावली आज संगणकामुळे नर्तकांच्या व नाटककारांच्या हाती आली आहे. पाश्चात्य देशांत हा प्रकार अगदी नवा म्हणून मिरविला जातो. मराठी मुलखाचा इतिहास पाहिला तर त्याच्या नवेपणाविषयी थोडी शंका घ्यावी लागते.

चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. त्याचे वंशज म्हणावेत असे लोक सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी आजही आहेत. ते ठाकर समाजाचे. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. त्यांच्याजवळ सुट्या चित्रांच्या पोथ्या असतात. एका पोथीत एक आख्यान, रामायणातले किंवा महाभारतातले. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर कथेकरी गातो, बोलतो, आणि प्रसंग संपला की पान उलटतो.

या पान उलटण्यातच सारे मर्म आहे. चित्रे ठरलेली, त्यांचा क्रमही ठरलेला. पण एका चित्रावर किती वेळ थांबायचे हे ठरलेले नाही. समोरच्या बायाबापड्यांचे डोळे पाणावले तर कथेकरी सीतेचे चित्र आणखी चार कडवी तसेच ठेवील. मुले चुळबुळू लागली तर युद्धाचे पान लवकर काढील. चित्र त्याच्या शब्दाची वाट पाहते आणि शब्द श्रोत्यांच्या चेहऱ्याची. आजच्या तंत्रज्ञांना ज्या परस्परसंवादाचे कौतुक वाटते तो याहून तत्त्वतः निराळा नाही.

हीच कला काचेवर आणि उजेडात नेण्याचा उद्योग केला तो कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. काचेवरील चित्र दिव्याच्या प्रकाशाने भिंगातून पडद्यावर पाडण्याची युक्ती ख्रिस्तियन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने 1659 च्या सुमारास साधली होती. 1798 पासून पॅरिसमध्ये रोबेर्टसन नावाचा खेळिया कंदिलाला चाके लावून तो पडद्यामागे पुढे-मागे सरकवीत असे. त्यामुळे भुताची आकृती एकाएकी मोठी होऊन अंगावर येत आहे असे वाटे आणि लोक घाबरत. मिशनऱ्यांनी व मास्तरांनी हा जादूचा कंदील हिंदुस्थानात आणला, तो मुख्यतः व्याख्यानाला जोड म्हणून. पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास त्याला खेळाचे रूप दिले आणि त्याला नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुराच्या मायेला संस्कृतात शांबरी म्हणतात. परदेशी यंत्राला इतके अस्सल पौराणिक नाव देणारा माणूस नुसता कारागीर नव्हता, हे उघड आहे.

त्यांचे पुत्र विनायक आणि रामचंद्र हेही या कामात होते. काचांवर पौराणिक आख्याने हाताने रंगवलेली असत. एका आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर काढायच्या, एकाहून अधिक कंदील मांडायचे, आणि एकाचा उजेड झाकता झाकता दुसऱ्याचा उघडायचा, म्हणजे पडद्यावरचे पात्र हात उचलते, मान वळवते असा भास होतो. सोबत निवेदन, संवाद आणि गाणी असतच. कंदिलाशी बसलेल्याला गाणाऱ्याच्या सुराकडे कान ठेवावा लागे. समेच्या आधी काच सरकली तर गोष्ट फसली, उशिरा सरकली तर हसे झाले. आपल्याकडील चित्रपटाची पूर्वपीठिका सांगताना पटवर्धनांचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. पण त्यांना केवळ चित्रपटाच्या उंबरठ्यावर उभे करणे हा त्यांच्यावर थोडा अन्यायही आहे. चित्रपटाने जे गमावले ते त्यांच्यापाशी होते.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. त्या दिवसापासून चित्राचा काळ यंत्राच्या दांड्याला बांधला गेला. फीत एकदा फिरू लागली की ती प्रेक्षकांसाठी थांबत नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला. फाळके स्वतः ‘प्रोफेसर केळफा’ या उलटसुलट नावाने जादूचे प्रयोग करीत. समोरचा प्रेक्षक पाहून हात चालविणे म्हणजे काय हे त्यांना पुरते ठाऊक असणार. मूकपटाच्या काळात निदान पडद्याशेजारी वाजवणारे असत आणि त्यांना चित्राकडे बघून वाजवावे लागे. म्हणजे नाते शिल्लक होते, पण उलटे झाले होते. पूर्वी चित्र माणसामागून जाई; आता माणूस चित्रामागून धावू लागला. 1932 साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’बरोबर तोच हरिश्चंद्र मराठीत बोलू लागला आणि वाजवणाऱ्यांची ती जागाही गेली. बोलपटाने मराठी मनाला काय दिले हे सांगायला नको. त्याची किंमत काय पडली, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला तो दूर अमेरिकेत. मायरन क्रूगर या संशोधकाने 1970 नंतरच्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ नावाची रचना केली. खोलीत शिरलेल्या माणसाची सावली कॅमेऱ्याने टिपली जाई, ती पडद्यावर उमटे, आणि संगणकाने काढलेला एखादा चिमुकला प्राणी त्या सावलीच्या बोटावर चढून बसे. पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. त्यांना यात नवल वाटले असते ते एवढेच, की बाहुलीच्या जागी प्रेक्षकच आहे. पुढे पॅरिसच्या ‘इर्काम’ या संगीतसंशोधन संस्थेत मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ ही आज्ञावली रचली. 1989 मध्ये मार्क कॉनिग्लिओ यांनी नर्तकाच्या सांध्यांवर बांधण्याचे एक साधन तयार केले. गुडघा किंवा कोपर किती वाकले ते आकड्यात मोजले जाई, तो आकडा बिनतारी पद्धतीने संगणकाकडे जाई आणि संगणक त्यावरून सूर बदली. नृत्यांगना डॉन स्टॉपिएलो यांच्यासह त्यांनी 1994 साली ‘ट्रॉइका रँच’ हे नृत्यपथक स्थापिले, आणि पुढे चित्रांसाठीही अशीच आज्ञावली घडवून तिला इझाडोरा डंकन या थोर नर्तकीचे नाव दिले.

तिचे कार्य समजायला अवघड नाही. पडद्यावर लहान लहान चौकटी मांडायच्या. एक चौकट कॅमेऱ्याचे ऐकते, दुसरी आवाजाची पट्टी मोजते, तिसरी चित्र धूसर करते. त्यांच्यामध्ये रेषा ओढल्या की नियम तयार झाला: आवाज इतका चढला की चित्र इतके उजळेल. काच सरकवणाऱ्या हाताचे काम आता ही रेषा करते. फरक इतकाच की कंदिलाजवळचा माणूस गायकाला वर्षानुवर्षे ओळखत असे. नटाला ठसका लागला तर काच सरकवायची नाही, हे त्याला सांगावे लागत नसे. संगणक ठसक्यालाही भाव समजतो. म्हणून या नव्या प्रयोगांतही पडद्याआड एक माणूस बसलेलाच असतो, आणि जेथे तो जाणता असतो तेथेच प्रयोग रंगतो. एरवी चित्रांचा पूर येतो आणि त्यात नट वाहून जातो.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. काचेवरचे चित्र दिवा नसला तरी सूर्यासमोर धरून पाहता येते. चित्रकथीची पोथी गाणारा गेला तरी उलगडता येते. पैठणी शैलीची अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. मात्र त्या पानावर कोठे थांबायचे, कोणत्या चालीवर पान उलटायचे, हे पोथीत कोठेच लिहिलेले नसते. ते गाणाऱ्याबरोबर जाते. संगणकाचे अगदी उलट आहे. तेथे नियम अक्षरन्‌अक्षर लिहिलेला असतो, पण तो वाचणारे यंत्र थोड्याच वर्षांत जुने होऊन अडगळीत पडते आणि मग ना नियम दिसतो, ना चित्र. दोन्हींकडे अर्धे टिकते, अर्धे नाहीसे होते. आणि कोणते अर्धे अधिक मोलाचे, यावर एकमत होणे कठीण आहे.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते काढले. घरच्या गुरांच्या गोठ्याचे त्यांनी संग्रहालय केले, तेथे पोथ्या आणि बाहुल्या मांडल्या, आणि नुसते मांडून न थांबता आपल्या मुलांना गाणे व खेळ शिकविला. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गोठ्यात आजही पाहुणा आला की पोथी सोडली जाते, वीणा जुळविली जाते, आणि पहिले चित्र समोर ठेवून गाणारा क्षणभर पाहुण्याच्या तोंडाकडे पाहतो.