ताटीआडचे बोलणे

ताटी म्हणजे झोपडीचे दार. बांबूच्या कामट्यांचे किंवा कुडाचे विणलेले, दोरीने अडकवलेले. आजच्या मुलांना ते दाखवायचे तर कुठे न्यावे हा प्रश्नच आहे. लाकडी फळ्यांचा दरवाजा आणि ताटी यांत मोठा फरक असा, की ताटीतून आतल्याचा हुंदका बाहेर ऐकू येतो आणि बाहेरच्याची हाक आत जाते. थोडे बळ लावून ढकलली तर ती उघडतेही. मुक्ताबाईंनी ती ढकलली नाही. बाहेर उभ्या राहून त्या बोलत राहिल्या, आणि ते बोलणे ‘ताटीचे अभंग’ या नावाने आपल्या गाथेत आले.

प्रसंग सर्व भाविकांना ठाऊक आहे. संन्याशाची मुले म्हणून आळंदीने या चौघांना वाळीत टाकले होते. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी बोल लावणाऱ्यांची तोंडे बंद झाली नाहीत. असाच कोणाचा तरी शब्द माउलींच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी पर्णकुटीत जाऊन ताटी लावून घेतली, असे परंपरा सांगते. तो बोलणारा कोण आणि नेमके काय बोलला, याविषयी निरनिराळे सांगणारे निरनिराळे सांगतात. त्यात शिरण्याचे कारण नाही.

पण एका गोष्टीविषयी बोलायला हवे. या प्रसंगाचे निरूपण करताना पुष्कळ जण म्हणतात, माउली तर साक्षात ज्ञानाचे अवतार, त्यांना कसला राग नि कसले दुःख? मुक्ताबाईंच्या मुखातून उपदेश वदवून घ्यावा म्हणून त्यांनी ही लीला केली. श्रद्धेने म्हणतात, त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. मात्र मला हे पटत नाही. लीलाच म्हटली तर मुक्ताबाईंचे सारे आर्जव नाटकातले संवाद होतात. चौघांत सर्वांत धाकटी बहीण दाराशी उभी राहून भावाला विनवते आहे, आणि आत भाऊ खरोखर दुखावलेला आहे, असे मानले तरच त्या अभंगांतली कळ कळते. ज्यांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वासाठी मागणे मागितले, त्यांनाही एके दिवशी कोणाचे तोंड पाहू नये असे वाटले, यात माउलींना कमीपणा कसला?

आता मुक्ताबाई कशा बोलल्या ते पाहा. ‘काय एवढे मनावर घेतोस’ असे त्या म्हणत नाहीत. घरात कोणी रुसले की आपले पहिले वाक्य हेच असते. त्या आधी मान्य करतात की शब्द शस्त्रासारखा लागतो. मग दादाला त्याची योग्यता आठवून देतात. जग तापलेले असेल तर संताने निववावे, हे सांगतात. आणि मग दात आणि जीभ यांचा तो घरगुती दृष्टांत देतात: जेवताना जीभ आपल्याच दातांत सापडते, म्हणून कोणी बत्तीशी पाडून घेत नाही. बोल लावणारे लोकही आपलेच दात आहेत, एवढी समजूत त्यात आली. दुखलेच नाही असे त्यात कुठेही नाही. जीभ चावली की डोळ्यांत पाणी येतेच. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी एकच मागणे, ताटी उघडण्याचे. उपदेश कितीही मोठा झाला तरी बाई मूळ मागण्याला विसरत नाहीत.

याच मुक्ताबाई दुसऱ्या ठिकाणी किती कठोर बोलतात! संतमेळ्यात गोरोबाकाकांनी हातात थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, ते पाहिले. ही कल्पना मुक्ताबाईंचीच, असे सांगतात. बाकीचे गप्प बसले. नामदेवराय चिडले, आणि कच्चे ठरले. नामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे ते ज्ञानदेवांहूनही वडील; आणि मुक्ताबाईंचा परंपरेने शके १२०१ धरतात. नऊ वर्षांनी लहान मुलीसमोर, चार संतांच्या देखत झालेला तो अपमान. कीर्तनात या ठिकाणी हमखास हशा मिळतो. पण हशानंतरचे पाहावे. नामदेवरायांनी ताटी लावून घेतली नाही. ते तडक पंढरीला गेले आणि पांडुरंगाजवळ सगळे गाऱ्हाणे मांडले. देवानेही ‘ते चुकले, तू बरोबर’ असे म्हटले नाही. विसोबा खेचरांकडे पाठवले. दुःख मनात कोंडले असते तर ते विसोबांपर्यंत पोचलेच नसते.

चांगदेवांच्या पत्राची गोष्ट याहून वेगळी. तिथे ना राग, ना दुःख. आहे तो संकोच. चौदाशे वर्षांचे योगी, त्यांना या मुलांना पत्र लिहायचे होते. मायना काय घालावा? चिरंजीव लिहावे तर ज्ञानाने ते थोर, तीर्थस्वरूप लिहावे तर वयाने पोर. या विचारात कागद तसाच कोरा पाठवला. मुक्ताबाईंनी तो पाहिला आणि इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले, अशा अर्थाचा टोला दिला. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोऱ्या कागदात चांगदेवांची अडचण वाचली आणि ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितले. तीच पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी. पुढे हेच चांगदेव त्या टोला देणाऱ्या मुलीचे शिष्य झाले. वडीलकी कुठे ठेवावी हे न कळून बोलणे अडते, ही गोष्ट घराघरात आजही आहे. सासऱ्याला जावयाशी, बापाला शिकलेल्या मुलीशी काय नि कसे बोलावे सुचत नाही, आणि कागद कोरा राहतो. वारीत आपण लहानथोर सगळ्यांना एकच ‘माउली’ म्हणतो, तेव्हा मायन्याचा हा घोळ पहिल्या शब्दातच मिटतो.

शके १२१८, इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीचा तो दिवस नामदेवरायांनी ‘समाधी’च्या अभंगांत सांगितला आहे. ज्यांना कच्चे मडके म्हटले, त्यांनीच सर्वांचे अश्रू जतन करून ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते. त्यात निवृत्तिनाथांचा शोक वाचताना अजूनही पुस्तक मिटावे लागते. ते वडील बंधू, आणि गुरूही. शिष्याची समाधी म्हणजे गुरूला धन्यता वाटावी असा प्रसंग. पण तळ्याचा बांध फुटावा तसे त्यांचे होते. आईवडील सोडून गेले तेव्हादेखील असे संकट वाटले नव्हते, अशा आशयाचे ते बोलतात. विचार करा, आईवडील गेले तेव्हा ते स्वतः लहान होते, तीन लहानग्यांना सांभाळायचे होते. त्या वेळी रडायला सवड कुठली? ते जुने दुःखही या दिवशी बरोबर बाहेर आले असेल, असे मला वाटते. नाथांना कोणी ‘आवरा’ म्हटले नाही. पुढे वर्षभराच्या आत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, आणि निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला.

‘संत म्हणजे निर्विकार’ असे ऐकून ऐकून आपल्यातल्या पुष्कळ माळकऱ्यांनी घरी अबोला धरण्यालाच वैराग्य समजायला सुरुवात केली आहे. सप्ताहात आठ दिवस टाळ वाजवायचा आणि सख्ख्या भावाच्या दारावरून मान वळवून जायचे, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. बांधाचा वाद असतो, नाहीतर कुठल्या लग्नातला मान. विचारले तर म्हणतात, ‘आमच्या मनात काही नाही.’ मनात काही नसते तर मान वळली नसती.

आपल्या संप्रदायाने याची सोय फार पूर्वीच केलेली आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी संध्याकाळी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, वाटेत कोणी अपमान केला असेल, क्रम मोडला असेल, तर त्या दिंडीने टाळ थांबवायचा नाही. तेवढ्या शांततेत एकट्या त्यांचाच टाळ वाजत राहतो. मग चोपदार त्यांच्यापाशी जातात, काय झाले ते सगळ्यांदेखत विचारतात, ऐकून घेतात, तोड काढतात. तो टाळ थांबला की मगच आरती सुरू होते.