बेकार तरुणांची सामाजिक नाट्ये आणि सुरत

शिकूनसवरून शहरात आलेला आणि कामासाठी उंबरठे झिजवणारा तरुण स्वातंत्र्योत्तर चित्रपट-नाटकांत वारंवार भेटतो. बिमल रॉय यांचा ‘नौकरी’ (१९५४) हा या परंपरेतला महत्त्वाचा आरंभीचा चित्रपट. क्षयी बहिणीच्या उपचारांसाठी पदवीधर रतन (किशोर कुमार) कोलकात्याला जातो; तिथे त्याच्यासारख्याच बेकारांच्या खोल्यांत त्याला आसरा मिळतो, नोकरी मात्र मिळत नाही. याच परंपरेतल्या, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’ला (१९६३) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’त (१९७०) मुलाखतीत दशकातली सर्वांत मोठी घटना विचारली जाते. नायक सिद्धार्थ चांद्रमोहिमेऐवजी व्हिएतनामच्या सामान्य माणसांच्या धैर्याचे नाव घेतो. भारतीय पडद्यावरचा मुलाखतीचा इतका निर्भीड प्रसंग दुसरा क्वचितच असेल.

मराठीत जयंत पवारांचे नाटक ‘अधांतर’ (१९९७) या साऱ्यांहून खोल जाते. इथली मुले शहरात येत नाहीत. ती मुंबईच्या गिरणगावातच वाढलेली आहेत आणि पायाखालची गिरणीच नाहीशी झाली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाच्या पराभवाची झळ नाटकातल्या धुरी कुटुंबाच्या घरात भोगली जाते. महेश मांजरेकरांनी या नाटकावरून ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट काढला.

गिरण्या ढासळत असताना कापडाचे काम भिवंडी, सुरतेसारख्या यंत्रमाग केंद्रांत वाढत गेले. नंदुरबार, धुळे, जळगावची अहिराणी बोलणारी पोरे ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतेत उतरली आणि उधना, लिंबायत, दिंडोलीत स्थिरावली. त्यांच्या कथेत मुलाखतीचा प्रसंगच येत नाही: गावाकडचा ओळखीचा कारीगर पोराला थेट लूमवर उभा करतो. काम मिळते, पण पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. ‘नौकरी’च्या चौकटीत हा तरुण बसत नाही, पण ‘अधांतर’मध्ये मुंबईतून निघून गेलेले काम त्याच्याच हाती आले आहे, म्हणून त्याची कथा त्या नाटकाच्या पुढच्या अंकासारखी वाचली पाहिजे. अभिजात म्हणून गणल्या गेलेल्या कृतींनी मुंबई-कोलकात्याला जेवढी जागा दिली, तेवढी सुरतेला दिली नाही, ही मोठीच उणीव आहे.