इमारत वाचली, माणसे गेली : झडपेपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या शिक्षणाचा इतिहास

#थ्रेड

१/ ३० डिसेंबर १९०३. शिकागोतील इरोक्वाय थिएटर सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. जाहिरातींत त्याचे वर्णन ‘संपूर्णपणे अग्निरोधक’ असे केले जात असे. त्या दुपारी तेथे आग लागली आणि ६०२ माणसे प्राणास मुकली. इमारतीचा सांगाडा मात्र शाबूत राहिला. पुढच्याच वर्षी त्याच भिंतींत नव्या नावाने खेळ सुरू झाले. म्हणजे जाहिरात एका अर्थी खरीच होती. मग माणसे का मेली? या प्रश्नाचा माग काढीत गेले की आपण इतिहासाच्या एका दुर्लक्षित दालनात पोहोचतो. ते दालन म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कामगाराचे शिक्षण.

२/ नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ. प्रेक्षकांत स्त्रिया आणि मुले अधिक. रंगमंचावरील दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आग रोखण्यासाठी असलेला विशेष पडदा खाली सोडला, तो अर्ध्यावरच अडकला. रंगमंचावरचा धूर छतातून बाहेर जावा म्हणून ठेवलेली झडपवजा दारे बंद होती. मागचे दार उघडताच आत आलेल्या वाऱ्याने ज्वाळेचा लोळ प्रेक्षागृहात, वरच्या सज्जांवर फेकला. बाहेर पडण्याची काही दारे पडद्यांआड दडलेली होती, आणि काहींच्या कड्या अशा होत्या की त्या कशा उघडायच्या हे लोकांना ठाऊकच नव्हते.

३/ या हकिकतीतील सर्वांत बोलका प्रसंग उद्घाटनापूर्वीचा आहे. अग्निशमन दलाच्या एका कॅप्टनने थिएटर पाहून उणिवा हेरल्या होत्या : पाण्याची सोय नाही, धोक्याची सूचना देणारे यंत्र नाही, दूरध्वनी नाही. वरिष्ठांना हे कळवल्यावर उत्तर मिळाले की थिएटरने स्वतःचा अग्निरक्षक नेमलेला आहे. आणि त्या अग्निरक्षकाचे म्हणणे असे की मालकांपाशी फार आग्रह धरला, तर नोकरी जाईल. माणूस होता, पद होते. पण त्याच्या शब्दाला वजन नव्हते.

४/ योगायोग पाहा. त्याच १९०३ साली, त्याच शिकागोत, आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये अग्निसंरक्षण अभियांत्रिकीचा अमेरिकेतील पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आणि शिकागोपासून सुमारे ६० किलोमीटरवर, जोलिएट येथे, १९०१ मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी एक ‘ज्युनियर कॉलेज’ उघडले होते. आज ते अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. अभियंत्याचे शिक्षण आणि कारागिराचे शिक्षण हे दोन प्रवाह एकाच परिसरात, जवळजवळ एकाच वेळी उगम पावले. त्यांची भेट व्हायला मात्र पुढची अनेक दशके लागली.

५/ तोवर भिस्त होती यंत्रावर. १८७४ मध्ये कनेक्टिकटमधील हेन्री पार्मली या पियानो कारखानदाराने आपला कारखाना वाचवण्यासाठी स्वयंचलित स्प्रिंकलर बसवला. १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेलने त्यात मोठी सुधारणा केली. तत्त्व साधे आहे : छताला पाण्याने भरलेली नळी, तिच्या तोटीवर उष्णतेने वितळणारे किंवा फुटणारे बूच. आज आपण मॉलच्या छताला पाहतो ती लाल द्रवाची काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते. आणि सिनेमात दाखवतात तशा सगळ्या तोट्या एकदम सुटत नाहीत. जिथे उष्णता पोहोचते, तेवढ्याच सुटतात.

६/ यंत्र आले, पण शिस्त नव्हती. १८९५ च्या सुमारास बॉस्टनच्या शंभर मैलांच्या परिसरात स्प्रिंकलरच्या नळ्यांची मापे ठरवण्याच्या नऊ निरनिराळ्या पद्धती चालू होत्या! नळ जोडणाऱ्या कारागिराने कोणती पाळावी? या गोंधळातून विमा कंपन्यांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, म्हणजेच एनएफपीए, स्थापन झाली. ध्यानात घ्या, तिचा पहिला विषय माणसांचे प्राण हा नव्हता. मालमत्ता आणि विम्याचा हप्ता हाच तिचा प्रारंभबिंदू होता.

७/ ही दृष्टी बदलली ती २५ मार्च १९११ रोजी. न्यूयॉर्कच्या दहा मजली अ‍ॅश बिल्डिंगमध्ये वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट हा कपड्यांचा कारखाना होता. शनिवारी, सुटायच्या वेळी आग लागली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. आगीची नळी ओढली, तर तिला पाणी आले नाही. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपास संपत होत्या. १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित मुली होत्या.

८/ आणि इमारत? ती आजही उभी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठ ती वापरते. म्हणजे पुन्हा तेच. दगड-विटा आपले काम चोख करतात. दार उघडे आहे का, नळीला पाणी येते का, हे पाहणे दगडाचे काम नव्हे. ते कोणा तरी माणसाचे रोजचे काम आहे. ती आग रस्त्यावरून डोळ्यांनी पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. पुढे १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या, अमेरिकी मंत्रिमंडळातील पहिल्या महिला. १९१३ मध्ये एनएफपीएने जीवसुरक्षेसाठी स्वतंत्र समिती नेमली आणि तिच्या कामातून १९२७ मध्ये बाहेर पडण्याच्या मार्गांविषयीची संहिता सिद्ध झाली.

९/ इरोक्वायच्या आगीतून एक अगदी साधी वस्तूही जन्मली. कार्ल प्रिंझलर हा इंडियानापोलिसचा हार्डवेअर-विक्रेता त्या दिवशी त्या खेळाला जाणार होता. कामामुळे राहून गेले. कडी उघडता न आल्याने माणसे दाराशीच मेली, हे त्याच्या मनातून जाईना. हेन्री ड्यूपॉन्ट या वास्तुविशारदाच्या साहाय्याने त्याने असे दार आणले, की आडव्या दांड्यावर अंग टेकले तरी ते उघडावे. १९०८ मध्ये ते बाजारात आले. आज चित्रपटगृहाच्या प्रत्येक निर्गमन-दाराला तो दांडा असतो. आणि आजही कोणी तरी त्याच दांड्याला साखळी घालून कुलूप लावतो.

१०/ मग शिक्षण कधी आले? १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकी केंद्र सरकारने व्यावसायिक शिक्षणाला प्रथमच मोठे अर्थसाहाय्य दिले : शेती, कारागिरी व उद्योग, गृहशास्त्र. १९३७ मध्ये ओक्लाहोमात अग्निसंरक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रूढ केला. आपल्या गावातच राहून, नोकरी सांभाळून, अल्प शुल्कात शिकता यावे, ही त्यामागची कल्पना. युद्धावरून परतलेले सैनिक ‘जीआय बिल’च्या आधारे शिक्षणाकडे वळत होते, तेव्हाची ही गोष्ट.

११/ १९६३ चा व्यावसायिक शिक्षण कायदा आला आणि त्या एका दशकात अमेरिकेत साडेचारशेहून अधिक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे उघडली. त्यांच्या संध्याकाळच्या वर्गांत तारजोडणी, नळकाम, बॉयलर, वातानुकूलन शिकवले जाऊ लागले. दुसऱ्या वर्गात अग्निशमन दलाचे जवान अग्निशास्त्र शिकू लागले. १९७३ मध्ये ‘अमेरिका बर्निंग’ हा गाजलेला राष्ट्रीय अहवाल आला. त्यातून १९७४ चा कायदा आणि पुढे राष्ट्रीय अग्निशमन अकादमी उभी राहिली. आता सारे काही जागेवर होते : संहिता, यंत्रे, कॉलेजे, अकादमी.

१२/ तरीही २३ फेब्रुवारी १९९१ उजाडला. फिलाडेल्फियातील ३८ मजली ‘वन मेरिडियन प्लाझा’. लाकडी तावदानांना जवसाचे तेल लावण्याचे काम चालू होते. कामगारांनी तेलात भिजलेल्या चिंध्या २२ व्या मजल्यावर तशाच ढीग करून ठेवल्या. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते; चिंध्यांच्या ढिगातून ती बाहेर पडू शकत नाही, साठत जाते आणि अखेर ढीग आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. ज्याने हे शिकलेले आहे, तो अशा चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकतो. एवढेच.

१३/ रात्री साडेआठच्या सुमारास धोक्याची घंटा वाजली. इमारतीचा देखभाल कर्मचारी काय झाले ते पाहायला लिफ्टने थेट त्याच मजल्यावर गेला. दार उघडताच उष्णता आणि धूर आत घुसला. खालच्या रक्षकाने लिफ्ट माघारी बोलावली, म्हणून तो वाचला. अग्निशमन दलाला पहिली खबर दिली ती रस्त्यावरून जाणाऱ्या एका नागरिकाने. इमारतीतून कोणी तत्काळ फोनच केला नव्हता. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये आणि खात्री करण्याआधी दलाला कळवावे, हे दोन्ही धडे पहिल्या आठवड्यातच शिकवण्याजोगे आहेत.

१४/ जवान वर पोहोचले. आपण ज्याला ‘रायझर’ म्हणतो, त्या उभ्या जलवाहिनीला त्यांनी नळ्या जोडल्या. पाण्याला जोर नव्हता. कारण? उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब अतोनात वाढू नये म्हणून दाब कमी करणाऱ्या झडपा बसवतात. त्या चुकीच्या दाबाला लावलेल्या होत्या, आणि त्यांत फेरफार करण्याचे तंत्र तेथे कोणालाच अवगत नव्हते. अनेक तासांनी एक जाणकार तंत्रज्ञ आला, त्याने काही झडपा नीट केल्या. पण तोवर वेळ निघून गेली होती. वीज गेली, पर्यायी वीजही गेली. तीन अग्निशामकांचा बळी गेला. आग १९ तास जळत राहिली.

१५/ मग ती थांबली कोठे? ३० व्या मजल्यावर. आठ मजले गिळून आलेल्या त्या आगीला तेथे स्प्रिंकलर भेटले. साऱ्या इमारतीत मोजक्याच मजल्यांवर ते बसवलेले होते. अवघ्या दहा तोट्या फुटल्या आणि शेकडो जवानांना जे जमले नाही, ते त्यांनी केले. एकाच रात्री, एकाच इमारतीत इतिहासाने दोन्ही बाजू मांडल्या : चुकीच्या लावलेल्या झडपा काय करतात आणि चालू स्थितीत ठेवलेल्या तोट्या काय करतात.

१६/ पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, एनएफपीएने २५ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. पूर्वीच्या मानकांत ‘यंत्रणा कशी बसवावी’ हे होते. यात बसवलेल्या यंत्रणेची तपासणी, चाचणी आणि देखभाल कशी करावी हे एकत्र आले. कोणती झडप किती दिवसांनी पाहायची, पंप कधी चालवून बघायचा, नोंद कोठे ठेवायची. वरवर नीरस वाटणारा हा मजकूर आहे. पण स्प्रिंकलर अपयशी ठरतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असते : पाणी कोणी तरी बंद केलेले असते. दुरुस्तीसाठी झडप बंद केली, उघडायची राहिली.

१७/ येथे ते दोन प्रवाह अखेर मिळाले. इमारत-देखभालीच्या अभ्यासक्रमात अग्निसंरक्षण हा जोडधडा न राहता गाभ्याचा विषय झाला. आग विझवणारा आग लागल्यावर येतो. देखभाल करणारा तिच्या आधी हजर असतो. पहिल्याला आपण योग्यच मान देतो. दुसऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते, आणि त्याचे यश तर दिसतच नाही, कारण न लागलेल्या आगीची बातमी होत नाही.

१८/ महाराष्ट्राचा इतिहास याहून फार वेगळा नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली. स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण हुतात्मा झाले. १४ एप्रिल आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये आपल्या नागपुरात आले. विझवणाऱ्यांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आणि अभिमानास्पद आहे.

१९/ सांभाळणाऱ्यांचे काय? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. सोसायट्यांत त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. म्हणजे वर्षातले दोन दिवस कायद्याने मोजले. उरलेले ३६३ दिवस पंपरूमची किल्ली ज्याच्याकडे असते, त्या वॉचमनला किंवा पंपवाल्याला कोणी, काय शिकवले आहे? आणि ‘साहेब, ही झडप बंद आहे’ असे तो म्हणाला, तर कमिटी ऐकून घेते का? इरोक्वायच्या अग्निरक्षकाचाही पेच हाच होता. केवळ शिक्षण पुरत नाही. शिकलेल्याच्या शब्दाला किंमत असावी लागते. प्रमाणपत्राने काही अंशी तीच किंमत येते, म्हणून अशा अभ्यासक्रमांचे मोल.

२०/ मित्रहो, इतिहास केवळ गडकोटांत नसतो. तो जिन्याखालच्या लाल नळ्यांतही असतो. आज घरी जाताना तीन गोष्टी पाहा : जिन्याचे दार आतून सहज उघडते का, हायड्रंटच्या पेटीत नळी आणि तोटी जागेवर आहेत का, आणि पंपरूममधील मुख्य झडप उघडी आहे का. तिसरी गोष्ट पाहायला पंपवाल्याला विचारावे लागेल. त्याचे नाव विचारा, आणि त्याने हे काम कोठे शिकले तेही. मिळालेले उत्तर खाली जरूर लिहा.

(समाप्त)