देवीची लस मुंबईस कशी आली

आमच्या संग्राहक मित्रांचें लक्ष सनदा, वंशावळी व जमाखर्च यांजकडे जितकें असतें, तितकें रोगराईच्या इतिहासाकडे नसतें. तथापि सांथीच्या लसीची वांटणी राष्ट्राराष्ट्रांत न्यायानें कशी व्हावी याचा खल अलीकडे पुष्कळ झाला असून, त्याचें एक पूर्वप्रकरण आपल्याच किनाऱ्यावर घडलेलें आहे. तें येथें नमूद करितों.

जेन्नर यानें १४ मे १७९६ रोजीं गाईच्या देवीची लस प्रथम एका मुलास टोंचली. ती इंग्लंडाहून समुद्रमार्गें हिंदुस्थानास पाठविण्याचे यत्न फुकट गेले. लांबच्या प्रवासांत लस निर्जीव होई. अखेर वाट निघाली ती खुष्कीची. मिलान येथील वैद्य साक्को यानें लोंबार्दीच्या गाईंपासून मिळविलेली लस व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो याजकडे गेली. मिलान फ्रेंचांच्या वर्चस्वाखालीं, व्हिएन्ना ऑस्ट्रियाची राजधानी. या दोन सत्तांचें युद्ध १८०१ सालीं नुकतेंच थांबलेलें. द कारोनें ती कांचांमध्यें घालून मेणानें बंद केली व बगदादेस धाडिली. बगदादेहून बसरा, बसऱ्याहून मुंबई. आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. त्याच सालच्या ऑक्टोबरांत हडपसरास होळकरांनीं पेशव्यांचा मोड केला. ती लढाई ज्यांस तोंडपाठ आहे, त्यांपैकीं कितीकांस या मुलीचें नांव ठाऊक असेल?

तिच्या दंडावरील फोडांतून इतर मुलांस टोंचण्यांत आलें, आणि मुंबईहून पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिंहलद्वीप येथें लस पोंचली. या लसीचा धर्म असा कीं, घेणारा तोच आठवड्याभरानें देणारा होई. दिल्यानें ती सरत नसे. उलट देणें थांबलें तर नष्ट होई. साठा करणेंच अशक्य, म्हणून औदार्यही फारसें लागलें नाहीं. मात्र हा व्यवहार अगदीं सोंवळा होता असें कोणी समजूं नये. १८०३ च्या नोव्हेंबरांत स्पेनच्या राजानें बाल्मिस याच्या हाताखालीं अमेरिकेकडे जहाज पाठविलें, त्यावर २२ अनाथ मुलगे केवळ लस जिवंत राखण्याकरितां चढविले होते. त्यांची संमति कोण विचारतो!

लस गांवांत पोंचली म्हणजे लोकांस मिळाली असें होत नाहीं. लोकांनीं दंड पुढें करावा लागतो. मनुष्याच्याच देवी टोंचण्याची चाल बंगाल्यांत इंग्रजी अमलाच्या आधींपासून होती, परंतु गाईची लस नवी. तेव्हां मद्रासेकडील संस्कृतज्ञ अधिकारी एलिस यानें या विषयावर संस्कृत पद्यें रचलीं. तीं जुन्या कागदावर उतरवून प्राचीन म्हणून पुढें करण्यांत आलीं. १८१९ सालीं ‘मद्रास कूरियर’ पत्रांत, धन्वंतरीच्या नांवावरील एका ग्रंथांत ही रीति सांगितली आहे, असेंही कोणीं छापविलें. तो दाखला पुढें शंभरावर वर्षें ग्रंथांग्रंथांतून फिरला. १९८७ सालीं डॉमिनिक वुजास्टिक यांनीं या सर्व पुराव्याची छाननी करून त्याचा फोलपणा दाखविला. हेतु परोपकाराचा असला तरी बनावट ती बनावटच. अशी पोथी हातीं आल्यास कागदाच्या जुनेपणावर न भुलतां आधीं भाषा तपासावी, इतकी संग्राहकांस विनंती आहे.

पुढें लस कारखान्यांत होऊं लागली. घेणारा देणारा राहिला नाहीं, आणि मालकी, किंमत व साठा हे प्रश्न आले. २०२० सालीं कोव्हिडच्या सांथींत ‘कोव्हॅक्स’ योजना निघाली, तिची मोठी मदार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. २०२१ च्या वसंतांत भारतांत सांथीचा कहर होतांच निर्यात थांबली, ती नोव्हेंबरापर्यंत. आफ्रिकेतील राष्ट्रें ताटकळलीं. पुण्यास बोल लावणारे पुष्कळ निघाले. परंतु कित्येक श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्या लोकसंख्येस पुरून उरतील इतक्या मात्रा अगाऊ करारांनीं अडवून ठेविल्या होत्या; आमच्या मतें पहिला दोष तेथें.

२० मे २०२५ रोजीं जिनीव्हा येथें महासांथीचा करार संमत झाला. सहभागी कारखानदारांनीं सांथीच्या काळीं उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत भाग जागतिक आरोग्य संघटनेस उपलब्ध करून द्यावा, पैकीं निदान १० टक्के विनामूल्य, असें त्यांत आहे. रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशास त्याबदल्यांत काय मिळावें, याच्या तपशिलाचें परिशिष्ट मात्र त्या दिवशीं मागाहून ठरविण्याकरितां ठेवण्यांत आलें.