बाह्य साउंड कार्ड आणि ड्रायव्हर : सातारा-सांगलीच्या ध्वनिपरंपरेच्या संदर्भात

मिरजेचे कारागीर दीड शतकाहून अधिक काळ सतार व तंबोरा घडवीत आले आहेत. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये, तर सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. केंद्राबाहेर, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करणे यूएसबीच्या बाह्य साउंड कार्डामुळे सुलभ झाले. परंतु त्याबरोबर ड्रायव्हरची अडचणही घरात आली.

ड्रायव्हर हा यंत्र व कार्यप्रणाली यांमधील दुभाषी होय. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने ध्वनीची अंतर्गत रचनाच बदलली आणि एक्सपीवर सुरळीत चालणारी कित्येक कार्डे मुकी झाली. अशा वेळी दोष कार्डात वा वायरीत शोधणे व्यर्थच. व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीत तर डिजिटल स्वाक्षरीविना कर्नल-ड्रायव्हर चालेना. यूएसबी ऑडिओचे दुसरे मानक २००६ चे. विंडोजमध्ये त्याचा अंगभूत ड्रायव्हर येण्यास मात्र २०१७ साल उजाडले. मधल्या काळात अशी कार्डे सर्वस्वी उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून राहिली. जवारी काढली की जुना तंबोरा पुन्हा बोलतो. ड्रायव्हर मिळेनासा झालेले कार्ड धडधाकट असूनही अडगळीत जाते.

आवाज तुटक येत असल्यास बफर वाढवावा. स्वर चढा किंवा उतरलेला वाटल्यास ४४,१०० व ४८,००० हर्ट्झ यांची गल्लत तपासावी. कार्ड ओळखलेच जात नसेल, तर जुना ड्रायव्हर समूळ काढून कार्यप्रणालीच्या आवृत्तीस अनुरूप ड्रायव्हर घालावा. पहिल्या मानकाची साधी कार्डे मात्र उत्पादकाच्या ड्रायव्हरविना आजही बहुधा चालतात.